बोरिवलीचं नॅशनल पार्क: बाग की जंगल? इतिहास, अनुभव आणि मतं

साष्टीकर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा जोरदार चर्चा झाली. एकाचं म्हणणं, नॅशनल पार्कात अजून रेस्टॉरंट, झोपाळे, बोटी, रात्रीची रोषणाई असं सगळं हवं, कारण मुंबईत मोकळी जागाच कुठे उरली आहे? दुसऱ्याचं म्हणणं, गेटला कुलूप लावा, जंगल जंगलाला राहू द्या. मला दोन्ही पटलं नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी देतो. आज आपण ज्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतो ते साधारण १०४ चौरस किलोमीटरचं रान मुंबई आणि ठाणे या दोन महापालिकांच्या मधोमध आहे. ते उरलं कसं, हा मला सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटतो. माझ्या मते उत्तर आहे पाणी. १८५० च्या दशकात मुंबई शहरात पाण्याचे भयंकर हाल होते. तेव्हा हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरने शहराच्या उत्तरेच्या साष्टी बेटावरच्या डोंगरात धरण बांधून नळाने पाणी शहरात न्यायची योजना मांडली. १८५६ साली विहार तलावाचं काम सुरू झालं आणि १८६० ला विहारचं पाणी मुंबईत पोचलं. पुढे १८७९ ला तुळशी तलाव झाला. तलावांचं पाणी स्वच्छ ठेवायचं तर भोवतीच्या डोंगरउतारावर वस्ती आणि शेती नको, म्हणून ते रान राखलं गेलं. राष्ट्रीय उद्यान वगैरे नंतरचं. १९४० च्या दशकात वीसेक चौरस किलोमीटरपासून सुरुवात झाली आणि टप्प्याटप्प्याने वाढत गेलं. आधी कृष्णगिरी, मग बोरिवली नॅशनल पार्क, मग आताचं नाव.

म्हणजे ज्या जंगलात आपण मजेसाठी जातो ते मजेसाठी राखलेलंच नव्हतं. तरीही लोकांनी तिथे जावं असं मला मनापासून वाटतं, कारण ज्याने ते पाहिलंच नाही तो त्याच्यासाठी भांडणार कशाला?

तुम्ही तिथे कशासाठी जाता आणि मर्यादा कुठे असावी असं तुम्हाला वाटतं, ते लिहा.

पहाटफेरी

मी रोजचा. पहाटे गेट उघडलं की आत. आमच्या गटात निवृत्त शिक्षक आहेत, रिक्षावाले आहेत, एक हृदयशस्त्रक्रिया झालेले गृहस्थ आहेत. गांधी टेकडीपर्यंत चढायचं, वर दहा मिनिटं टेकायचं, खाली यायचं. बाहेर हायवेवर हॉर्नचा कल्लोळ आणि आत शिरून शंभर पावलं चाललं की तांबट पक्ष्याची ठक-ठक ऐकू येते. आमच्या वयाच्या माणसांना हे पार्क औषधासारखं लागू पडतं.

माझी एकच मागणी: आत खाजगी गाड्या नकोत. कान्हेरी लेण्यांपर्यंत सायकल आहे, बस आहे, पाय आहेत.

वनिता_ठाणे

साष्टीकर, धागा छान. पण नॅशनल पार्क म्हटलं की सगळ्यांना बोरिवलीचं गेटच का आठवतं? आमचं ठाण्याकडचं येऊर पण त्याच जंगलाचा भाग आहे हो!

येऊरला मामा-भाचे डोंगरावर जाणारे भाविक आहेत, पक्षी बघणारे आहेत, सकाळी धावायला येणारे आहेत. त्यांचा काहीच त्रास नाही. त्रास आहे शनिवार-रविवारच्या पार्ट्यांचा. रात्री दोनपर्यंत स्पीकर, लॉनवर प्रखर दिवे आणि सकाळी ओढ्यात बाटल्यांचा खच. मागच्या पावसाळ्यात आम्ही काही जण ओढ्याच्या काठाने कचरा वेचत होतो. एका फुटक्या बाटलीत छोटा खेकडा अडकला होता, नांग्या बाहेर काढून धडपडत होता. काच बाजूला करेपर्यंत हात थरथरत होता माझा.

म्हणून "मोकळी जागा कुठे उरली आहे" म्हणणाऱ्या तुमच्या त्या शेजाऱ्यांना येऊरला एका शनिवारी रात्री घेऊन या.

चिंटूचीआई

वनराणी!!! पार्कातल्या त्या छोट्या आगगाडीबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही?

जुनाबोरिवलीकर

@चिंटूचीआई, अगदी मनातलं. आमच्या लहानपणी शाळेची सहल म्हणजे वनराणी आणि सिंह-वाघ सफारी. तो छोटा पूल, तो बोगदा आणि बोगद्यात शिरलं की सगळ्या डब्यांतून एकदम आरोळी. मे २०२१ च्या तौक्ते वादळात रुळांची वाट लागली आणि गाडी बंद पडली, तेव्हा आमच्या घरात आजी-आजोबांपासून सगळे हळहळले. मला तर वाटतं मुंबईतल्या निम्म्या लोकांनी पहिलं हरीण त्या गाडीच्या खिडकीतूनच पाहिलं असेल.

चिंटूचीआई

आणि ती आरोळी आई-वडीलही मारायचे, खोटं नाही सांगत :)

लेण्यांचा_नाद

इतिहास म्हटलात आणि विहारपासून सुरू केलंत, साष्टीकर? दोन हजार वर्षं मागे चला.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास सुरुवात आणि पुढे जवळपास हजार वर्षं तिथे वावर. अजिंठा-वेरूळची चित्रं आणि शिल्पं डोळ्यांत भरतात, पण कान्हेरीत एक अख्खी वसाहत दिसते. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा लेख आहे. दान देणाऱ्यांत सोपारा, कल्याण, चौल इथले व्यापारी आहेत. म्हणजे बंदरांवरचा पैसा या डोंगरात येत होता. अकरावं लेणं, ज्याला दरबार म्हणतात, त्यात लांबच लांब दगडी बाक कोरलेले आहेत. एक्केचाळीसमध्ये अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे. आणि नव्वदमध्ये तर पहलवी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे, इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी कोरलेले. हजार वर्षांपूर्वीचे पर्यटकच ते, आणि स्वतःची नावं भिंतीवर लिहून गेले. (म्हणून आजच्या कोणी बदाम कोरायला जाऊ नये. पुरातत्त्व खात्याचा कायदा आहे, शिक्षा होते.)

पण मी लोकांना तिथे नेतो तेव्हा मूर्तींच्या आधी पाणी दाखवतो. जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी एक पोढी आहे, म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. जरा वाकून बघा. वरच्या कातळावर बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचं पाणी उतारावरून त्या पन्हळीत येतं, तिथून टाक्यात. टाक्याचं तोंड लहान, पोट मोठं, म्हणजे ऊन कमी लागतं आणि पाणी टिकतं. पावसाळ्यात एखाद्या सरीच्या वेळी तिथे उभे राहा, अजूनही त्या पन्हळींतून धार लागते. तेव्हा साष्टीकरांचं पाण्याचं सूत्र बरोबर आहे, फक्त ते कॉनिबेअरच्या अठराशे वर्षं आधीपासून चालू आहे.

साष्टीकर

@लेण्यांचा_नाद, वा! हे जोडलं गेलं ते फार आवडलं. दरबार लेण्यातल्या त्या बाकांवर बसून जेवत असतील की पाठ चालत असेल, याबद्दल काही सांगू शकाल?

लेण्यांचा_नाद

दोन्ही मतं आहेत. वेरूळच्या पाचव्या लेण्यातही तसेच बाक आहेत. भिक्षू समोरासमोर बसून पठण करत असावेत हे मला जास्त पटतं, कारण समोर गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहे.

पुण्याचा_सचिन

नमस्कार. पुढच्या महिन्यात दोन लहान मुलांना घेऊन येणार आहे. प्रामाणिक प्रश्न: बिबटे आहेत म्हणतात. धोका कितपत? बायको नको म्हणते आहे.

पहाटफेरी

सचिनराव, इतक्या पहाटांत मला बिबट्याचा फक्त ठसा दिसला आहे. माकडं मात्र हातातलं केळं नक्की नेतील.

रानसोबती

सचिन, मी बिबट्यांबद्दल जनजागृतीच्या कामात स्वयंसेवक होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

बिबटे आहेत आणि भरपूर आहेत. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात उद्यान आणि आसपास ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ च्या मोजणीत ४७. इतक्या दाट मानवी वस्तीला खेटून इतके बिबटे जगात फार कमी ठिकाणी आहेत.

२००४ साल फार वाईट होतं. विशेषतः जूनमध्ये लागोपाठ हल्ले झाले, माणसं गेली, लहान मुलं गेली. त्या काळात बाहेरून पकडलेले बिबटेही इथे आणून सोडले जात होते. विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासातून हे पुढे आलं की बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले थांबत नाहीत, उलट नव्या जागी वाढू शकतात. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, आणि मोकळ्या झालेल्या जागी दुसरा येतो. २०११ पासून वन विभाग, अभ्यासक आणि मुंबईकर यांनी एकत्र काम सुरू केलं: कचरा उचलणं, पोलिसांना गर्दी आवरण्याचं प्रशिक्षण, वस्त्यांमध्ये जाऊन बोलणं. उघड्यावरचा कचरा आला की कुत्री आणि डुकरं येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. साखळी एवढी सरळ आहे.

आजोबा नावाच्या बिबट्याची गोष्ट ऐकली आहे का? २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला माग काढणारी जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. तो हायवे, रेल्वेमार्ग, कारखान्यांचा पट्टा ओलांडत जवळपास महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून वसईच्या खाडीकडे, उद्यानाच्या नागला भागापर्यंत आला. वाटेत कोणावरही हल्ला नाही. २०११ ला तो रस्त्यावर गाडीच्या धडकेत गेला.

तुमच्यासाठी: दिवसा या, ठरलेल्या रस्त्यावर राहा, अंधार पडायच्या आत बाहेर पडा, मुलांना पुढे एकटं पळू देऊ नका. निश्चिंत या.

पुण्याचा_सचिन

खूप आभार. आजोबाची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. आता तीच तारीख विचारते आहे.

कठोर_वनप्रेमी

सगळं ठीक आहे, पण मी वेगळं मत मांडणार. जंगलाला माणसाची गरज नाही. सफारी, बोटिंग, सायकली, सहली सगळं बंद करा. विहार-तुळशीला जसं सामान्य माणसाला जाता येत नाही तसंच सगळं उद्यान ठेवा. अतिक्रमणंही उरलेली सगळी हटवा. १९९७ चा उच्च न्यायालयाचा आदेश होताच.

पाड्यावरचा

मी आत राहतो. वारली आहे. खूप दिवस फक्त वाचतो इथे, आज लिहितो.

"उरलेली सगळी हटवा" लिहिणं सोपं आहे. आमचे पाडे कोणत्याही फाटकाच्या आधीचे आहेत. माझ्या आजीचं घर कारवीच्या काठ्यांचं, वर शेण-मातीचा लेप. पावसाळा लागला की ती शेवळं आणायची, मग करटुली, मग कुर्डू, सगळ्या रानभाज्या. कोणतं झाड कधी तोडायचं नाही हे तिला कोणी बोर्ड लावून सांगितलं नव्हतं. वाघबारसेला आम्ही वाघोबाला पुजतो. त्याने आमच्या वाटेला जाऊ नये, आम्ही त्याच्या वाटेला जाणार नाही, एवढंच मागणं. २००४ ला माणसं गेली ती बहुतेक आमच्यासारख्यांच्या वस्त्यांमधली होती, हेही लक्षात ठेवा. तरी वाघोबाची पूजा थांबली नाही.

आदेशानंतर बाहेरून येऊन वसलेल्या झोपड्या हटवल्या तेव्हा आमच्यासारखे त्यातच मोजले गेले. कोणाला चांदिवलीला घर मिळालं, कोण अजून वाट बघतं. आमच्या पाड्यात आजही रात्री पायवाटेला दिवा नाही, आणि तुमच्या रोषणाईची चर्चा चालू आहे. पोरं शाळेतून येतात तेव्हा हातात काठी आणि मोबाइलची बॅटरी असते.

जंगल बंद करायचं का ते नंतर ठरवा. आधी आम्हाला विचारा.

वनिता_ठाणे

@पाड्यावरचा, लिहिलंत हे फार बरं केलंत. येऊरचे पाडेही अगदी हेच सांगतात. पार्टीचे बंगले उभे राहतात आणि पाड्याला नळ मिळत नाही.

कठोर_वनप्रेमी

दादा, आदिवासी पाड्यांबद्दल माझा तसा रोख नव्हता. १९९० च्या दशकात हजारोंनी वाढलेल्या वसाहतींबद्दल बोलत होतो. पण सफारी-बोटिंग बंद करावं या मतावर मी ठाम आहे.

साष्टीकर

@कठोर_वनप्रेमी, इथे मी तुमच्याशी असहमत. पर्यटनासाठी जो भाग राखला आहे, कृष्णगिरी उपवनाचा, तो सगळ्या उद्यानाच्या मानाने लहानसा तुकडा आहे. गाभ्याच्या जंगलात आजही कोणाला जाता येत नाही. त्या लहान तुकड्यात रविवारी येणारी गर्दी बघा. कांदिवली-मालाडच्या चाळींमधली, भाड्याच्या एका खोलीत राहणारी कुटुंबं डबा घेऊन येतात. त्यांना महाबळेश्वर परवडत नाही. ती दारं बंद करणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच तुकड्यात रोषणाई आणि डीजे आणणं हेही तितकंच चूक. झाडाखाली सतरंजी टाकून बसण्यापुरती सोय असली तरी पुरे.

कारवी

+१ साष्टीकर.

मी वनस्पतीवाली, म्हणून थोडं झाडांबद्दल. बिबट्याच्या नादात लोक झाडं बघतच नाहीत! कारवी साधारण आठ वर्षांनी एकदम फुलते. २०१६ ला फुलली होती तेव्हा अख्खे उतार जांभळे झाले होते. फुलून बी धरलं की ती झुडपं वाळतात. पुढच्या पावसात ते सुकं बोंड तडकून बी उडतं, आणि रानात बारीक तडतड ऐकू येते. आवाज नीट ऐकायचा तर कोणाशी न बोलता थांबावं लागतं.

शिळोंड्याची वाट उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रामार्फत परवानगी घेऊन, वाटाड्याबरोबर करता येते. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर पानगळीच्या रानात कांडोळाचं पांढरं खोड दुरून चमकतं. बुंध्याला हात लावून बघा, कागदासारखी साल सुटते (ओढून काढू नका). कुडा, पांगारा, पळस, काटेसावर हे ओळखायला शिकलात की पुढच्या खेपेला तीच वाट वेगळी दिसते. मुलांना तर याचं वेडच लागतं. सचिन, तुमच्या मुलांना पानं ओळखायचा खेळ द्या.

मुलुंडचा_मिलिंद

आणि हे सगळं चालू असताना खालून बोगदे जाणार! ठाणे-बोरिवली जुळे बोगदे दहा किलोमीटरहून लांब, जुलै २०२४ ला भूमिपूजन झालं. शिवाय गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचेही बोगदे. मी रोज घोडबंदर रोडवर दीड-दोन तास घालवतो, मला तो रस्ता हवा आहे, स्पष्ट सांगतो. पण तोंडाशी किती झाडं जाणार, कंपनांचा काय परिणाम, खडकातलं पाणी कुठे वळणार, हे लोकांना समजेल अशा भाषेत सांगा की.

जुनाबोरिवलीकर

शेजारच्या आरे वसाहतीचं काय झालं ते आठवा. ऑक्टोबर २०१९, मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीत झाडं तोडली. नंतर २०२० मध्ये आरेतली ८०० एकरांच्या आसपास जमीन राखीव वन जाहीर झाली, पण ती झाडं गेली ती गेली.

मुलुंडचा_मिलिंद

मेट्रो नको होती का मग तुम्हाला?

जुनाबोरिवलीकर

मेट्रो हवी होती. कारशेड दुसरीकडे हवी होती. दोन्ही एका माणसाला हवं असू शकतं.

धागापाल

मेट्रो आणि कारशेडवर आधीच तीन धागे आहेत, कृपया तिकडे. इथे उद्यानाबद्दल बोलूया.

रानसोबती

बोगद्याचा मुद्दा मात्र उद्यानाचाच आहे, आणि तो पुन्हा पाण्यापाशी येतो. दहिसर, पोयसर, ओशिवरा, मिठी या चारही नद्या याच डोंगरातून निघतात. पार्कात जी दहिसर नदी निवळशंख दिसते तिचं हायवे ओलांडल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी या डोंगरावर झाडं आणि माती नसती तर मिठी आणि दहिसर किती वेगाने खाली आल्या असत्या, हा विचार मी प्रत्येक जोराच्या पावसात करतो.

म्हणून साष्टीकरांच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: माणसं येऊ देत, पण पायी आणि दिवसा. उतारावर सिमेंट नको, ओढ्याला भिंत नको. दहिसर नदीला आत जो छोटा बंधारा आहे तिथे बोटी फिरतात, तेवढ्या पुरेत.

पहाटफेरी

पायी आणि दिवसा. मला मान्य.

पाड्यावरचा

आणि वाटाडे पाड्यातले घ्या. वाट आम्हाला पाठ आहे. आमच्यातली काही पोरं हे काम करतात आता, पक्ष्यांची नावं इंग्रजीतही सांगतात, मराठीतही आणि आमच्या बोलीतही. अजून पोरांना हवं आहे.

कारवी

शंभर टक्के. मला पहिल्यांदा कांडोळ दाखवला तो एका पाड्यावरच्या मावशींनीच.

कठोर_वनप्रेमी

पाड्यातले वाटाडे, ठरलेली संख्या, प्लास्टिक बंदी काटेकोर. असं असेल तर माझा विरोध कमी होतो. महाशिवरात्रीला कान्हेरीला जी गर्दी होते तिचा कचरा उचलायचं नियोजन मात्र आधीपासून हवं.

लेण्यांचा_नाद

त्या दिवशी आम्ही काही जण पोती घेऊन जातोच. या तुम्हीही.

कठोर_वनप्रेमी

येतो.

पुण्याचा_सचिन

सोमवारी सुट्टी जमते आहे, गर्दी कमी असेल ना?

चिंटूचीआई

सचिनदादा, सोमवारी पार्क बंद असतं! मंगळवार धरा. सकाळी लवकर कान्हेरी उरकून घ्या, कातळ तापायच्या आत. पाणी घरून स्टीलच्या बाटलीत, आणि केळी बॅगेच्या तळाशी.